सासूबाईंच्या खोलीतला ओलावा

९ मार्च
पुन्हा तेच! हवेतला दमटपणा ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरची बादली ठणठणीत कोरडी आणि सासूबाईंच्या खोलीची भिंत ओली. पंखा नुसताच भुणभुणतोय. आईंचा खोकला थांबत नाही. डॉक्टरांनी बजावलंय — त्या दमट खोलीत ठेवू नका. लगेच आईंच्या धाकट्या बहिणीचा, मावशींचा फोन. "रविवारी न्यायला येते. माझं घर कोरडं आहे." आई म्हणाल्या, "आत्ता नाही यायची मी." जीव भांड्यात पडला. मी त्यांना हलू देणार नाही!

११ मार्च
उलगडा झाला! आम्ही घामाने निथळतोय आणि यंत्राच्या पडद्यावर तापमान दोन अंश! त्याला वाटतंय आत बर्फ धरलाय, म्हणून ते पाणी ओढणंच बंद करतं. म्हणजे सेन्सर बिघडलाय. जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नवरा म्हणाला, "नवीन घेऊ." त्याचं हे नेहमीचंच.

दुपारी बघते तर यंत्रावर आईंची शाल! "दोन अंश म्हणालीस ना? काकडलं असेल बिचारं." दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. मग त्यांना ढास लागली.

१२ मार्च
मागचं झाकण उघडलं. (प्लग आधी काढला. मी काही वेडी नाही.) सेन्सरची जोडणी पुसून पुन्हा बसवली. यंत्र ढिम्म.

१३ मार्च
सेन्सर म्हणजे काय, तर दोन तारांच्या टोकाला वाटाण्याएवढा मणी. एवढ्याशाने अख्खं घर वेठीला धरलं! तारांना मीटर लावला, मणी आईंच्या मुठीत दिला. ऊब लागली की मण्याचा विद्युत रोध कमी होतो, म्हणजे मीटरवरचा आकडा उतरायला हवा. आई श्वास रोखून बसल्या. आकडा जागचा हलेना. "मेला," मी म्हटलं. "माझ्या हातात?" — घाबरल्याच त्या!

सुट्या भागांचा दुकानदार म्हणे, "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." म्हटलं, मिस्टरांना बल्ब बदलता येत नाही, मलाच समजवा! निमूटपणे तसाच नवा सेन्सर काढून दिला.

१४ मार्च
बसवला. एकतीस अंश! यंत्र गुरगुरलं, थोड्या वेळाने टप् — पहिला थेंब. संध्याकाळपर्यंत बादली भरली. नवरा ती घेऊन शेजाऱ्यांना दाखवून आला, "आमच्या हिने दुरुस्त केलं!" मी कॉलर नसलेल्या कुर्त्याची कॉलर ताठ करून फिरतेय. मावशींना कळवून टाकलं — येऊ नका.

३ एप्रिल
भिंत कोरडी. आई रात्रभर शांत झोपतात. खोकला नाही! हे मी केलं. मी!

६ एप्रिल
आईंनी बॅग भरली. मावशींकडे, कायमच्या. "ती एकटी आहे गं. कधीचं जायचं होतं मला."

मग आधी का नाही गेलात?

"खोकत गेले असते तर लोक म्हणाले असते, सुनेने आजारी पाडून धाडली. तुझ्या नावाला बट्टा लावून जाऊ? आता कोणाची बोलायची टाप नाही."

बॅग मीच गाडीत ठेवली. घर खायला उठलंय.