काकांनी माऊस बाजूला सारला त्याची हकिगत

तीर्थस्वरूप मामांच्या उजव्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डाव्या गुडघ्याला सूज आहे असं आईने सांगितलं, म्हणून त्या पायाला लांबूनच.) मामींनाही नमस्कार. त्यांचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर निदान तुमच्या घोरण्याच्या खाली आला असेल अशी आशा करतो. मी इथे ठणठणीत आहे. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही असं तुम्ही निघताना बजावलं होतं, ते मोडलंय. पण मोडलं म्हणूनच एका भल्या माणसाची खुर्ची वाचली, तेव्हा आधी सगळं वाचा आणि मग रागवा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच ‘बरं, कामाचं बोल’ म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही.

आमचा कारखाना ब्रशचा, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ब्रश किती प्रकारचे असतात ते ठाऊक नसेल. रंगाचे, बुटांचे, बाटल्या घासायचे, न्हाव्याचे, धुराडी साफ करायचे, आणि एक असा की तो कशाला लागतो हे मालकांनाही सांगता येत नाही, तरी दर महिन्याला चार डझन जातात. हे सगळे खोक्यात भरून चिकटपट्टी मारायची हे माझं काम. खोक्यावर लावायची पत्त्याची चिठ्ठी शेजारच्या खोलीतून येते, आणि त्या खोलीत बसतात ते काका. काका म्हणजे आमचे कारकून. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसतायत, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय, आणि मी भाड्याने राहतो ती मागची खोली त्यांच्याच घराची आहे. काका टाईपरायटरवर शिकलेले. दहाही बोटं एकदम चालतात आणि स्क्रीनकडे म्हणून बघत नाहीत, नजर ऑर्डरच्या वहीवर. (स्क्रीनकडे बघत टाईप करणारा माणूस त्यांच्या मते आरशात बघून जेवतो.)

तर गेल्या महिन्यात या कॉम्प्युटरला काहीतरी बाधा झाली. त्यांच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या असतात. (कॉम्प्युटरमधल्या चौकटीला खिडकी म्हणतात. उघडली तरी वारा येत नाही.) डावीकडच्या खिडकीत पत्त्याची चिठ्ठी, उजवीकडच्या खिडकीत गिऱ्हाइकांशी चाललेले निरोप. काका डावीकडे क्लिक करून पत्ता टाईप करायचे आणि तो उमटायचा उजवीकडे. एंटर दाबलं की निरोप म्हणून रवाना. एका न्हाव्याला धुराडी साफ करणाऱ्या माणसाचा पत्ता तीन वेळा गेला. त्याला वाटलं घरी बोलावणं आलंय, तो वस्तरा घेऊन खरंच गेला आणि दाढी करूनच परतला. इतकंच होतं तर हसून सोडलं असतं. पण इकडे चिठ्ठीच्या खिडकीत नवा पत्ता आलेलाच नसायचा, त्यामुळे छापून यायची ती आधीच्याच गिऱ्हाइकाची चिठ्ठी. काही वेळा काकांच्या ध्यानात यायचं, पण दिवसाला दोनशे चिठ्ठ्या, किती बघणार. उरलेल्या मी डोळे मिटून खोक्यावर लावायचो. बुटांच्या दुकानात बाटल्या घासायचे ब्रश गेले आणि दुधाच्या डेअरीत बुटांचे. डेअरीकडून तक्रार आली नाही. ती का आली नाही हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

मालकांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खुर्ची ओढली, उजवा हात माऊसवर ठेवला तो शेवटपर्यंत उचलला नाही, आणि डाव्या हाताच्या एका बोटाने अर्धा तास टाईप केलं. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. तरी त्याने माऊस बदलला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मागच्या सगळ्या वायरी उपटून पुन्हा त्याच भोकांत घातल्या. मग काका बसले आणि दुसरीच चिठ्ठी उजवीकडे गेली. दुरुस्तीवाला जाताना दाराशी मालकांना म्हणाला की मशीनचा फोकस जाग्यावर आहे, माणसाचा उडालाय. हळू म्हणाला, पण आमच्या दाराला पडदासुद्धा नाही.

मालक तसे वाईट नाहीत. पण शनिवारी मोठी ऑर्डर जायची होती, एका रंगवाल्याच्या एकशे अडतीस दुकानांना, प्रत्येकाचा पत्ता वेगळा. त्यांनी काकांना स्पष्ट सांगितलं की यातली एक जरी चिठ्ठी चुकली तर सोमवारपासून या खुर्चीत माझी भाची बसेल, आणि तुम्ही आत केस निवडायच्या टेबलावर. (ब्रशचे केस हो. लांबीप्रमाणे निवडायचे असतात. ते काम सुरुवातीला पंधरा दिवस मला दिलं होतं, आणि माझ्याने तिथे बसवेना म्हणून मला खोक्यांवर पाठवलं.) काका घरी आले, जेवले, ताटावरून उठताना काकूंना भाजीत मीठ कमी होतं हेसुद्धा सांगितलं नाही, तेव्हा काकू घाबरल्या. मी पाण्याची कळशी भरून ठेवत होतो तर काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. “खरं सांग,” म्हणाले, “मी क्लिक करायला विसरतो का रे?”

मामा, मला कुणी शिव्या दिल्या तर मी झोपून उठेपर्यंत विसरतो, पण हे काही जाईना. ज्या माणसाला सव्वीस वर्षांतले पत्ते पाठ आहेत, तो मला, आठवीला दोनदा बसलेल्याला, विचारतोय की माझी शुद्ध जाग्यावर आहे ना. दुसऱ्या दिवशीपासून मी कामाला लागलो. आधी म्हटलं, शेजारी केस कापायचं यंत्र चालतं, त्याने टेबल हलत असणार. म्हणून टेबलाखाली केसांचं पोतं कोंबलं. टेबल हलायचं थांबलं, पण काकांचे पाय जाईनात, ते दिवसभर मांडी घालून बसले. मग म्हटलं, खिडकीतून (खऱ्या) ऊन येतं ते माऊसच्या पोटात शिरत असेल, म्हणून काचेला काळा कागद लावला. काकांना वही दिसेना. मग माऊसची वायर ओढ देते असं वाटून ती सुतळीने टेबलाच्या पायाला बांधली, तेव्हा स्क्रीनवरचा माऊसचा बाण चार बोटं जायचा आणि दाव्याच्या गुराने थांबावं तसा थांबायचा. शेवटी नेलकटरने माऊसच उघडला. आतलं चाक उडालं ते थेट दाढीच्या ब्रशच्या उघड्या खोक्यात, आणि ते कोणतं खोकं हे कळेपर्यंत मी सवयीने सगळ्यांना चिकटपट्टी मारून मोकळा. एकवीस खोकी परत फोडली. चाक विसाव्यात होतं, एकविसावं रागाने फोडलं.

शनिवार उजाडला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, निरोपसमारंभाला घालतात तसा. मालक पाठीमागे उभे, भाची हातात पत्त्यांची यादी घेऊन, आणि मी टेबलाखाली. (पोतं काढत होतो. काकांना मांडी घालून एकशे अडतीस चिठ्ठ्या करणं शक्य नव्हतं.) पोतं ओढत बाहेर येताना माझे डोळे टेबलाच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच राहिले, कारण समोर स्क्रीन होती. काकांनी डावीकडच्या खिडकीत क्लिक केलं. मी बघितलं, माझ्या या डोळ्यांनी, नीट केलं. मग वही ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी माऊस अलगद उजव्या हाताला सारला, जेवताना भांडं सारावं तसा, आणि नजर वहीत घातली. माऊसबरोबर बाण सरकला, सरकत सरकत उजवीकडच्या खिडकीवर जाऊन बसला, आणि क्लिक नाही, काही नाही, त्या खिडकीच्या माथ्यावरची पट्टी आपोआप निळी झाली. डावीकडची फिकी पडली. काकांची दहा बोटं उचलली गेली होती. मी टेबलाखालूनच त्यांचं मनगट धरलं.

मालकांना वाटलं मला शॉक बसला. मी बाहेर आलो आणि माऊस डावीकडे नेला, डावी खिडकी निळी. उजवीकडे नेला, उजवी. क्लिक न करता. बाण ज्या खिडकीवर उभा, ती खिडकी जागी, आणि टाईप केलेलं सगळं तिच्या पदरात. दुरुस्तीवाल्याला हे दिसलंच नाही, कारण त्याचा हात माऊसवरून हलला नाही आणि त्याला वही ठेवायची नव्हती. आणि काकांना दिसलं नाही, कारण टाईप करताना ते स्क्रीनकडे बघतच नाहीत. कॉम्प्युटरमध्ये अशी एक सोय असते, ज्यांना क्लिक करणं जड जातं त्यांच्यासाठी. एका पानावर एक चौकोन असतो, त्यात बरोबरची खूण केली की ती सुरू होते. कुणीतरी ती खूण केली होती. मी ते पान उघडलं (कसं सापडलं ते विचारत बसू नका), खूण काढली, आणि काकांना म्हटलं, आता सारा.

काकांनी माऊस सारला. मुद्दाम, टेबलाच्या पार टोकापर्यंत. बाण उजव्या खिडकीवर जाऊन उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला, आणि काकांची बोटं सुटली. मामा, तुम्ही ऐकायला हवे होतात. पत्ता डावीकडे, दुसरा डावीकडे, तिसरा डावीकडे. भाची यादीवरून मोठ्याने वाचत होती, प्रिंटर चिठ्ठ्या ओकत होता, मी त्या खोक्यांवर थापत होतो, आतले केस निवडणारे लोक दारात येऊन उभे राहिले होते. साठाव्या चिठ्ठीला मालकांनी घाम पुसला. शंभराव्याला त्यांनी स्टूल घेतलं. पाऊण वाजायच्या आत एकशे अडतीस झाल्या आणि एक म्हणून चुकली नाही. एका दुकानाचा पत्ता यादीतच चुकीचा होता, तो काकांनी तोंडपाठ दुरुस्त केला. मालक उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, चुकलं माझं.” काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “वही धरा जरा,” म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

सोमवारी मालकांनी दुरुस्तीवाल्याला मुद्दाम बोलावून सगळं दाखवलं. त्याने मला विचारलं की कुठला कोर्स केलास. मी सांगितलं, आठवी. त्याला वाटलं त्या नावाची एखादी संस्था असेल. आता कारखान्यात मी चाललो की लोक बाजूला होतात, आणि कुणाचा फोन अडकला, पंखा कुरकुरला की आधी मला हाक. काकू ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढतात. तेव्हा पोरगा वाया गेला असं जे तुम्ही मांडवात पाच जणांसमोर म्हणाला होतात, ते त्याच पाच जणांसमोर परत घ्यावं, ही विनंती. गुडघ्याला शेक द्या. बाकी सर्व क्षेम.

आपला भाचा

ता. क. खूण करणारा ‘कुणीतरी’ म्हणजे मी. काका दातांच्या डॉक्टरकडे गेले होते त्या दुपारी मी त्यांच्या खुर्चीत बसलो. त्यांना तो बारीक बाण सापडायचा नाही, स्क्रीनला नाक लावून शोधायचे, म्हणून बाण मोठा करायला गेलो. झाला मोठा. त्याच पानावर खाली तो चौकोन होता, रिकामा बघवला नाही. आपण काय केलं हे मला शनिवारी टेबलाखालून बाहेर येताना कळलं, आणि त्या क्षणी शॉक बसला म्हणणारे मालक फारसे चुकत नव्हते. काका बाण मोठा दिसायला लागला म्हणून खूश आहेत. त्यांना वाटतं नवा चष्मा लागू पडला.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण हे, की मालक या आठवड्यात तुम्हाला फोन करणार आहेत. भाचीला ती खुर्ची मुळात नकोच होती, म्हणून मला काकांच्या शेजारी बसवून काम शिकवायचं असं घाटतंय. मुलगा यंत्रांच्या बाबतीत कसा आहे असं ते विचारतील. तेव्हा मामींचं शिवणयंत्र, शेजारच्यांची पाण्याची मोटर आणि तुमचा रेडिओ, यातल्या कशाचाही विषय काढू नये. ‘हात चालतो’ एवढंच म्हणावं. ते खोटं नाही.

ता. क. तिसरा. वरचे दोन ता. क. वाचून झाल्यावर हा कागद फाडून टाका. काकांना कळलं तर मी तोंड कुठे लपवू.

मामासाहेबांना नमस्कार. अक्षर बदललेलं दिसेल, मी यातला काका. कारखान्याचं टपाल माझ्या हातून जातं. पाकिटावर तुमच्या गावाचं नावच लिहायचं राहिलं होतं, ते आत असेल म्हणून उघडलं, आणि उघडल्यावर थांबलो नाही, याबद्दल क्षमा असावी. ती खूण जिथे होती तिथे हा त्या दिवशी तीन क्लिकमध्ये पोचला. दुरुस्तीवाल्याला ती जागा सांगूनही दहा मिनिटं सापडत नव्हती. मी तेव्हाच समजलो. बोललो नाही, कारण महिनाभर सगळे माझ्या डोक्याकडे बघत होते आणि टेबलाखाली हा एकटाच शिरला होता. शेजारची खुर्ची मालकांकडे मीच मागितली आहे. त्यांचा फोन आला तर मोटरीसकट सगळं खरं सांगावं. असा माणूस नजरेसमोर बसलेला बरा, हे त्यांनाही पटेल. मी कागद फाडलेला नाही, तुम्हीही फाडू नका. नवा चष्मा काढून ठेवला आहे. बाण मात्र तेवढाच मोठा राहू दिला आहे.