कोरी पाचवी डिस्क

सोमवार, ३ मार्च
पोहोचले! कॉपर फोर्क, मोंटाना. खाणकामगार युनियनच्या हॉलमध्ये जबान्या सांभाळायच्या कामावर रुजू झाले. इथली व्यवस्था पाहणारे म्हातारे ऑर्व्हिल पेनहेल यांनी हातात गरम पेस्टी ठेवली, खाणकामगारांची मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच. म्हणाले, खाऊन घे पोरी, क्रांती थांबते, पेस्टी गार होते.

मागच्या खोलीत डिस्कांचं कपाट आहे. आठ कप्पे, पाचवा रिकामा. बाकी सात डिस्कांवर चारशे बारा कामगारांच्या जबान्या, आडनावांच्या क्रमानं. बहुतेक जण धुळीनं गेले. कंपनीनं त्यांच्या फुप्फुसांत दगड भरला, आणि आता विचारते, पुरावा कुठाय? पुरावा इथे आहे! चौदा तारखेच्या सुनावणीत तो बोलेल.

दुसरी प्रत मात्र नाही. मी भडकले. ऑर्व्हिल म्हणाले, बरं बाई, उद्याच करू.

मंगळवार, ४ मार्च
ऑर्व्हिलनी पाचव्या कप्प्यात नवी डिस्क बसवली. ती वापरण्याआधी सज्ज करावी लागते. मी मशीनच्या यादीतली पाच निवडली. यावरचं सगळं पुसलं जाईल, असं मशीननं दोनदा बजावलं. कोऱ्या डिस्कवर पुसणार काय? दाबलं, हो.

बुधवार, ५ मार्च
नवी डिस्क अजून तशीच आहे. सहावी रिकामी झालीय.

इथे कुणी शून्य लिहीत नाही. खाणीच्या हजेरीफळ्यावर शून्य म्हणजे खालून वर न आलेले. म्हणून ऑर्व्हिलनी कप्प्यांना एकपासून आकड्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. मशीन शून्यापासून मोजतं. त्याची पाच म्हणजे आमची सहा. के ते एम. अठ्ठावन्न माणसं.

ऑर्व्हिलनी सहाची पट्टी नखानं खरवडून काढली. मग म्हणाले, पट्ट्या माझ्या, चूक माझी. आता कशाला हात लावू नकोस. सोमवारी जाणकार माणूस येईल.

गुरुवार, ६ मार्च
अ‍ॅगी कोवाचिच दर गुरुवारी नवऱ्याचा आवाज ऐकायला येते, असं ऑर्व्हिलनी सांगितलं होतं. त्याचं नाव मी छापील यादीत शोधून ठेवलं होतं. हात जोडून म्हणाले, मॅटची जबानी माझ्या हातून गेली. ती हसली. कोण गं मॅट? माझं लग्नच कुठे झालंय? मेल्यांनी कुणी विचारलंच नाही!

तिच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता.

भिंतीवर जुन्या संपाचा फोटो आहे. माणसं उभी आहेत, हात शेजारच्याच्या खांद्यावर टाकून. काहींच्या शेजारी कुणीच नाही.

शुक्रवार, ७ मार्च
मशीननं आमची सातवी पुसायला घेतली. एन ते आर. मी काहीही दाबलं नाही. दहा टक्के. ऑर्व्हिलनी वायर उपटली. तीस टक्के — वायर त्यांच्या हातात, आणि आकडा चढतोय — सातवीवर त्यांचीही जबानी आहे. माझा दंड घट्ट धरून म्हणाले, थिया, सुनावणी सोडू नकोस —

शुक्रवार, दुपार
वरच्या नोंदींत कुणी ऑर्व्हिल आहे. अक्षर माझंच. हॉलमध्ये तर मी एकटीच असते.

दंडावर चार बोटं उमटलीत.

शनिवार, ८ मार्च
आठवी. एस ते झेड. चाळीस टक्के. छापील यादी समोर आहे, नावं हातानं उतरवते. शाईला कोण पुसणार!
एमिल सोरेन्सन
जो टोनेली
लुका व्हु

सत्तर. पहिली ओळ मला रिकामी दिसतेय, तिथे कुणीतरी होतं ना? — जो — जो काय?

नव्वद. चौदा तारखेला मी उभी राहीन आणि गरजून सांगेन की कंपनीनं या माणसांना —

कुठल्या माणसांना? मला पानावर नुसत्या आखलेल्या रेघा दिसतायत. मी कुणासाठी इथे —