बुजवलेली देवळी

प्रिय चंद्रभान,

तुझं पत्र भेटलं. पावणे येण्याआधी समोरच्या खोलीच्या भिंती नीट करा, चुना नको, क्रीम कलरचा पेंट मारा, असा हुकूम तू पुण्याहून सोडला. वा रे साहेब! लतिकाचे आईवडील आपलं घर पाहाले येणार आणि त्यायले घर नाही आवडलं तर तुझं लग्न फिसकटते, हे मले समजलं. पोरगी तुझ्याच कारखान्यात टायपिस्ट आहे आणि तुझ्या मनात भरली आहे, हेही समजलं. म्हणून राग आला तरी खरवडायचा लोखंडी पत्रा हातात घेतला आणि भिंत खरवडाले लागलो.

चुन्यावर पेंट धरत नाही, म्हणे. दुकानदार म्हणाला, पार गिलाव्यापर्यंत खरवडा, भेगाखड्ड्यात लांबीचा लगदा भरा, वाळली की पॉलिश पेपरनं घासा, मग रंगाचं नाव काढा. आपल्या भिंतीवर तर दर दसऱ्याचा एकेक हात चढलेला. निळीचा चुना, त्याखाली पिवडीचा, त्याखाली पुन्हा पांढरा. मी खरवडून राहिलो, तुझी माय मागून ओल्या फडक्यानं पुसून राहिली. दोघंही खोकून खोकून बेजार. शेजारची रुखमाबाई विचारून गेली, घरात लगीन आहे काय वं? तुझी माय फडकं पिळून पुन्हा भिंतीकडे वळली.

दाराच्या उजव्या अंगाची भिंत ठोकून पाहिली तर पोकळ वाजली. ती जागा तुले आठवत असेल. दर पावसाळ्यात तिथलाच पोपडा निघे आणि तुझी माय त्यावर कॅलेंडर टांगे. तिथं काय होतं हे तुले कधी सांगितलं नाही. तिथं आपली देवळी होती गा. मरीमाय, खंडोबा, शेंदूर फासलेले दोन गोटे, सारे तिथंच. छप्पन सालच्या दसऱ्याले दीक्षा घेऊन आलो, तू तेव्हा दोन वर्षांचा पोर, मामाच्या खांद्यावर झोपलेला. आम्ही देव टोपल्यात घातले आणि नागनदीत सोडून आलो. घरी आलो तर ते रिकामं भोक समोर. मी म्हटलं, उद्या बुजवतो. तुझी माय म्हणे, उद्या नाही, आताच. मग मिळाल्या तशा कोरड्या विटा कोंबल्या आणि वरून गिलावा थापला. गवंडीकाम करणारा माणूस मी, कोरडी वीट चुना-सिमेंटाच्या मसाल्यातलं पाणी पिऊन घेते आणि गिलावा सुटतो, हे मले माहीत नव्हतं काय? पण त्या दिवशी कोणाले धीर होता! आनंदच तेवढा होता.

आणि आता तू लिहितो, दाराच्या उजव्या अंगाले एक छोटी देवळी कोरा, गणपती ठेवा, समई लावा. बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची तसबीर तेवढ्यापुरती आतल्या खोलीत न्या. तेवढ्यापुरती! पाकिटाच्या मागं तू नाव टाकलं रामटेककर. आम्ही रामटेके, तू रामटेककर कधीपासून झाला रे? वरून लिहितो, मायनं त्यायच्यासमोर फार बोलू नये, तिची बोली त्यायले समजणार नाही. हे वाक्य मी तिले वाचून दाखवणार नव्हतो, पण ती समोरच बसली होती आणि मी अडखळलो हे तिनं ओळखलं. वाचाले लावलं. मग ताटावरून उठली. तुले पाटीत झोपवून तिनं विटा वाहिल्या, चंद्रभान. कौसल्येचा पोरगा इंजिनेर झाला म्हणून साऱ्या वस्तीत पेढे वाटत फिरली. तिची बोली तुले समजत होती ना, तेवढं पुरे होतं आम्हाले.

मी तो पोकळ गिलावा पाडला. आतल्या विटा काढून भिजू घातल्या, चांगल्या चुना-सिमेंटात पुन्हा बसवल्या, वरून गिलावा घोटला. आता ती जागा तुझ्या म्हातारपणापर्यंत हलणार नाही. लांबी झाली, घासून झालं, रंग तू सांगितला तोच मारणार आहे. रंगाशी माझं काही भांडण नाही. खोली झकास दिसेल.

हे पत्र लिहाले बसलो ते इतक्यासाठी. लतिकाले सारं आजच सांग. ती पोर कोणाच्या घरात येणार, हे तिले तुझ्याच तोंडून कळलं पाहिजे. तिच्या आईवडिलाले सांगायची हिंमत तुझ्यात नसेल तर मी सांगीन. ते दारात आले की त्यायले खाटेवर बसवीन, आणि पाण्याचा गडू हाती देण्याआधी आपण कोण ते सांगीन. फसवून पाणी मी कोणाले पाजणार नाही. मग ज्याले प्यायचं तो पिईल, नाही तो उठून जाईल. तेव्हा तू मान खाली घालून बसणार असशील, तर त्यायच्यासंगच उठून जाय गा. मी थांबवणार नाही.

तुझाच बाप,
देवाजी रामटेके