भंडाऱ्याची चिमूट

नळदुर्ग, ता. २ फेब्रुवारी १९४९

चि. महादेवीस अप्पाचे आशीर्वाद, वि. वि.

घरची खुशाली लिहावी अशी न्हाय. सोमवारी पोलिसांनी तुझ्या भावाला, ईरण्णाला, नेलं. वैशाखात हत्यारबंद टोळी घरं जाळत गावात शिरली तेव्हा गावच्याच गुंडाप्पानं पुढं चालून आपल्या घराचं दार दाखवलं आणि तुझी गंगम्माकाकू कडब्याच्या गंजीत जळाली, हे तू जाणतेस. दसऱ्याआधी त्या गुंडाप्पाला चौघांनी खळ्यात कुऱ्हाडीनं तोडलं. दार दाखवलेला हात आधी, मग मान. चौघं कबूल झाले. ईरण्णा त्या दिवशी तुळजापुरात होता, धर्मशाळेच्या वहीत नाव हाय. पण सरकार म्हणतंय, खंडोबापुढं पाच जणांनी बेलभंडारा उचलून खुनाची शपथ घेतली, त्यात पाचवा तो. चौघं पाचव्याचं नाव घेत न्हायत.

घरात तू पहिली पदवीवाली, आता कायदा शिकतेस. तर सांग, ज्यानं कुऱ्हाड धरली न्हाय त्याला फाशी कशी? जमिनीच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत असते, तशी याला किती? तारखा लांबवत नेऊ. आई विचारते, पुण्यात भाकरी खातेस का नुसता कायदा.

लेकीची माया घरावर राहू दे.

कल्याणप्पा

पुणे, ता. ६ फेब्रुवारी

ती. अप्पांस महादेवीचे शरणार्थ, वि. वि.

खुनाला मुदत नाही, अप्पा. वीस वर्षांनीही खटला उभा राहतो. आणि कटाला ज्याने होकार दिला, तो कुऱ्हाड धरणाऱ्याच्या बरोबरीचा. तुळजापुरात असणे कामाचे नाही. पण होकार दिला हे सिद्ध करायचे ते सरकारने. आपण निर्दोष आहोत हे ईरण्णाने सिद्ध करायचे नाही, त्याला बोलण्याची सक्तीही नाही. आमचे प्राध्यापक हा नियम सांगतात तेव्हा मला जागेवरून उठावेसे वाटते. नुसत्या संशयावर माणूस मारू नये, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ईरण्णाला वाचवायला आईला किंवा कुणाला खोटी साक्ष द्यायला लावू नका.

भंडारा उचलताना कुणी पाहिले का? ईरण्णाने कुणाला काही लिहिले होते का, असे पोलिसांनी विचारले का? तेवढे कळवा. आईला सांगा, भाकरीच खाते, पण तिच्या हातची चव नाही.

तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.

महादेवी

नळदुर्ग, ता. १३ फेब्रुवारी

चि. महादेवीस आशीर्वाद, वि. वि.

कुणी पाहिलं न्हाय. पत्राचं कुणी विचारलंही न्हाय. वीरप्पा वकील म्हणतात, पंचवीस तारखेला ईरण्णा सुटतोय, पेढे सांगून ठेवा.

काल गुंडाप्पाची बायको सिताबाई दारात येऊन उभी राहिली. गल्लीतल्यांनी दगड मारले. कपाळ फुटून रगत डोळ्यात उतरलं, तरी हलली न्हाय. टोळीनं तिच्या लेकीच्या गळ्याला तलवार लावून नवऱ्याला पुढं चालवलं, म्हणाली. पोर संगं होती, गळ्यावरचा व्रण मला दाखवला. मग एकच बोलली, "माझ्या माणसाला कुणी विचारलं का, दार का दाखवलंस म्हणून?"

म्या दार लावून घेतलं. आई तवापासनं जेवली न्हाय.

तुझ्या शब्दाची वाट पाहतोय.

कल्याणप्पा

पुणे, ता. १७ फेब्रुवारी

ती. अप्पांस शरणार्थ, वि. वि.

मी तुमच्यापासून लपवले. भाद्रपद संपता संपता मला ईरण्णाचे पत्र आले होते. आत, तुम्ही प्रसाद धाडता तशी, भंडाऱ्याची चिमूट. लिहिले होते की आम्ही पाचही जणांनी उचलला, ज्या हाताने काकूचे दार दाखवले तो हात आधी घेऊ.

वाचून मी रडले, आणि अप्पा, मला बरे वाटले. थांब, आधी गुंडाप्पाला विचार, एवढे लिहिले असते तर पत्र चार दिवसांत पोचले असते. खून त्याचं पत्र आल्यापासून अकराव्या दिवशी झाला. मी लिहिले, जपून राहा.

सरकारकडे पुरावा नाही. तो माझ्या पेटीत आहे. सिताबाईच्या लेकीचा व्रण वाचल्यापासून नुसत्या संशयावर माणूस मारू नये, हा नियम मला तोंडाने म्हणवत नाही. तेवीस तारखेच्या मोटारीने येते. पत्र आधी ईरण्णाला वाचून दाखवीन, म्हणजे कोर्टात तोच बोलेल. तो न बोलला तर मी बोलेन, माझ्या उत्तरासकट. त्याला फाशी होऊ शकते, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

चिमूट अजून पिवळीधमक आहे. माया ठेवा असे लिहायला हात धजत नाही. मी आले की दार तेवढे लावून घेऊ नका.

महादेवी