खुर्चीमागचा माणूस

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.३०
हजर : मी.
खिडकीजवळची खुर्ची, बरी आहेस ना? तुझी चष्मेवाली टायपिस्ट घरी बसून टाइप करते म्हणे. टेंडरवाल्या लांब्याची खुर्ची, कंबर कशी आहे? अजून करकरतेस. झेरॉक्सबाई, खोकला थांबला का? वॉटर कूलर, तू तरी गार आहेस. माझं विचाराल तर रक्त उकळतंय. एकोणतीस वर्षं या मजल्याचा सुपरिंटेंडंट. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी फायलींवरून शिकलो, आणि ही डिग्रीवाली मंडळी मला सांगतात, घरून काम छान होतं.
साहेबांचा फोन. सतरा तारखेला चौदापैकी बारा जण आपणहून आले तर हा भाड्याचा मजला ठेवू, नाहीतर सोडून देऊ. सक्ती नको म्हणाले.
सक्ती कोण करतंय? मी सूड घेणार आहे. मस्टरवर चौदा लाल फुल्या मारल्या. एकेकाला बघून घेतो.

मंगळवार, ४ मार्च
सूड पहिला. न सांगता व्हिडिओ कॉल, बरोबर साडेनऊला. सगळे जागेवर, केस विंचरून. चष्मेवाली हळूच म्हणाली की काका, तुमचं फक्त कपाळ दिसतंय. असू दे. दरारा कपाळातच असतो.

शुक्रवार, ७ मार्च
सूड दुसरा. निनावी प्रश्नावली धाडली : घरून काम का आवडतं? निनावी म्हटलं की माणूस पोटातलं ओकतो. मग भाषेवरून ओळखायचं आणि मानगूट धरायची.

सोमवार, १० मार्च
चौदा उत्तरं आली. प्रवासाचे दोन तास वाचतात : दोघं. मूल शाळेतून येतं तेव्हा दार उघडता येतं : एक. ऑफिसात एसी अंगावर येतो : एक. उरलेल्या दहांनी एकच लिहिलंय : तिथे खुर्चीमागे कुणीतरी येऊन उभं राहतं.
हादरलोच. माझ्या मजल्यावर, माझ्या नाकाखाली, हा कोण? मी स्वतः रोज एकेकाच्या मागे पाच-पाच मिनिटं उभा असायचो. मला कधी दिसला नाही.
आधी त्याचा सूड. मग बाकीच्यांचा.

बुधवार, १२ मार्च
सूड तिसरा : लांब्याच्या घरी छापा. दार उघडायला वेळ लावला. म्हटलं, सापडला. आत बघतो तर एका हातात माउस, दुसऱ्या हातात वडिलांच्या औषधाचा चमचा. म्हातारा अंथरुणाला खिळलाय, पण माणूस गोड. तासभर त्यांचे पाय चेपले. (तपासाचा भाग.)
मग कर्तव्य म्हणून लांब्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्याची बोटं थांबली, मान खांद्यात गेली. विचारलं, ऑफिसात तुझ्या मागे कोण उभं राहायचं, नाव सांग, मी त्याला सोडत नाही. लांब्या स्क्रीनकडे बघत राहिला. घाबरवलंय कुणीतरी बिचाऱ्याला.

सोमवार, १७ मार्च
सातलाच आलो. चौदा खुर्च्या पुसल्या, चौदा पेन्सिलींना टोक काढलं.
९.३० हजर : मी.
१०.३० तेच.
११.३० चष्मेवाली आली! बसली, खण उघडला. सूडबीड विसरलो. आनंदाच्या भरात जाऊन तिच्यामागे उभा राहिलो. तिने खण बंद केला, खिडकीतली कुंडी उचलली आणि निघाली. जाताना म्हणाली की काका, तब्येतीला जपा.
दुपारी साहेबांचा फोन. मजला सोडला. आता तुम्हीही आरामात घरून करा म्हणाले.

गुरुवार, २० मार्च
घरून काम. दिवस तिसरा. ही शिवणकाम करते. घरून काम करणारे कसे चुकारपणा करतात याचा पुरावा घरातच मिळेल, म्हणून तीन दिवस तिच्या मशीनच्या स्टुलामागे उभा आहे. शिवण दोनदा वाकडी गेली, सुई एकदा मोडली. नोंद घेतली.
संध्याकाळी तिने मशीन थांबवलं. मागे न बघता म्हणाली, "त्या पोरांनी एकोणतीस वर्षं कशी काढली हो? मला तीन दिवसांत धाप लागली."
कोणती पोरं, मी विचारलं.
तिने वाकडी शिवण उसवायला घेतली, मान खांद्यात. लांब्यासारखीच.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ९.३०
मशीन जागेवर नाही. शेजारणीकडे नेलंय. ओट्यावर चिठ्ठी : आजपासून मी बाहेरून काम करते. सहाला येईन.
हजर : मी.
घरात फिरलो. मागे उभं राहायला कुणी नाही.
मस्टर काढलं. चौदा फुल्या खोडल्या. एक मारली. शाई संपत आलीय.
चौदाही जणांना मेल केला, तो इथे उतरवून ठेवतो :
"लांब्या, वडिलांचे पाय कसे आहेत? चष्मेताई, कुंडी जगली ना? बाकी सगळे बरे आहात? खुर्चीमागचा माणूस सापडला. त्याला मजल्यावरून काढलंय, निर्धास्त राहा. उत्तर मात्र लवकर लिहा. इथे दुसरं कुणी नाही."