‘नाही’ म्हणणाऱ्यांचं घर

दि. ४ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र कधीच मिळालं, पण उत्तर लिहायला हात धजत नव्हता. आता सांगूनच टाकते. नाटकगृहाच्या गालिच्याची नक्षी गेली. तुमच्या कंपनीच्या त्या नक्षीच्या प्रोग्रॅमने ती गिळली आणि ढेकरही दिला नाही.

वेलींची किनार, मधलं तळं, कोपऱ्यातले बगळे, एकेक चौकोन रंगवून झाला होता. एरवी संध्याकाळी मी यंत्र तसंच चालू ठेवून घरी जाते. त्या दिवशी विजेची दुरुस्ती होती, म्हणून कारखान्याच्या मालकीणबाईंनी सगळं बंद करायला सांगितलं. बंद करायला गेले, तर पडद्यावर एक चौकट उगवली. म्हणे, बदल जतन करावेत काय? खाली हो आणि नाही. कसले बदल? मी तर कोऱ्या पानावर नवीन काढलं होतं. मला वाटलं, कुणीतरी माझ्या नक्षीत ढवळाढवळ करतंय. आणि बाबांनी गोदामाच्या फाटकावर जन्म काढून आपल्याला काय शिकवलं? न कळलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावं, कारण ‘हो’ म्हटलं की दार उघडतं. मी ठणकावून ‘नाही’ दाबलं आणि गाणं गुणगुणत घरी आले. सकाळी पाहते तर पान कोरं.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. जुलैअखेर नक्षी यंत्रावर नसेल तर बाहेरून करून घेतील आणि मला लोकरीच्या खोलीत गुंडाळ्या लावायला बसवतील, असं त्या शांतपणे म्हणाल्या. इतकी वर्षं कागदावर नक्ष्या काढून आता गुंडाळ्या! मी पुन्हा त्या पडद्यासमोर बसणार नाही.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, बाबा ‘नाही’ म्हणतात. अख्खं घरच तसलं.

कळावे. लोभ ठेव, पण तुमच्या प्रोग्रॅमवर ठेवू नकोस.

तुझी
ताई

---

दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडू आलं आणि मग जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तुझ्यावर नाही गं. मेनूंत आणि चौकटींत काय लिहायचं ते ठरवायला मला इथे नोकरीवर ठेवलंय, आणि तीच चौकट तुझ्या कामावर उलटावी! ती माझ्या येण्याआधीची आहे, पण तेवढ्याने बगळे परत येत नाहीत.

तुझं काही चुकलं नाही. मीही तुझ्या जागी ‘नाही’च दाबलं असतं. आठवतं ना, शाळेत फोटो काढायला आलेल्या माणसाने हसणार का विचारलं, तेव्हा आपण दोघी एकदमच ‘नाही’ म्हणालो होतो? त्या फोटोत आपण दोन हवालदार दिसतो.

म्हणून मी ठरवलंय, त्या चौकटीत हो-नाही ठेवायचंच नाही. बटणावरच लिहायचं की ते दाबलं तर काय होईल. पुढच्या महिन्यात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघते. तीत हे गेलंच पाहिजे. आमच्या मुख्य प्रोग्रॅमरशी गाठ आहे. प्रत्येक बटण मोजून पाहतात म्हणून आम्ही त्यांना मागून मोजपट्टीसाहेब म्हणतो. ते म्हणाले, जगभर असंच असतं, लोक शिकतात. मी म्हटलं, माझी बहीण शिकली, पण काय किंमत देऊन ते विचारा.

तू फक्त हात आखडता घेऊ नकोस. बाबांना नमस्कार. लोभ आहेच. तो तसाच राहू दे, आणि राग माझ्याकडे पाठव, मला इथे उपयोगी पडेल.

तुझी
भिंगरी

---

दि. २० जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

हात आखडलेला नाही. चौकोन आखलेल्या कागदावर नक्षी पुन्हा काढायला घेतली आहे. बगळे आठवतात, तळं मात्र रुसलंय. पण यंत्रावर चढवीन ती तुझी चौकट बदलल्यावरच. तू तुझं कर, मी माझं करते. जुलैअखेर दोघींचीही परीक्षा.

मदत म्हणून मी चौकटीचा मजकूरही लिहिलाय. वर लिही: अगं बाई, दिवसभर राबलीस ते उकिरड्यावर टाकून चाललीस का? खाली पहिलं बटण: देवा, नको. दुसरं बटण: हो, मला अक्कल नाही. शेजारच्या मागावरच्या बायका हसून हसून बेजार झाल्या आणि हेच छापा म्हणाल्या.

बाबांना रोज सकाळी विचारते, डोळा करून घ्यायचा का? रोज सकाळी ‘नाही’. काल त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि कुणाला कळू नये म्हणून सगळा पिऊन टाकला. मी मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि नक्षीला बसले.

तुझी आठवण येते, हे सांगायला शब्द जुळवावे लागत नाहीत.

तुझी
ताई

---

दि. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा मजकूर मी ऑफिसात मोठ्याने वाचला. सगळ्यांना आवडला. पण गिऱ्हाईकाला अक्कल नाही असं बटणावर लिहिता येत नाही, नुसतं मनात म्हणता येतं.

आता खरी बातमी. बोलून काही होत नाही म्हटल्यावर मी जुनी चौकट मोठी छापून भिंतीवर लावली. वरचा प्रश्न कागदाने झाकला, खालची बटणं उघडी ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारलं की कोणतं दाबलं तर काम जाईल. हिशेबनीस म्हणाले ‘हो’, शेजारच्या टेबलावरची म्हणाली ‘नाही’, आणि दोघांची जुंपली. मोजपट्टीसाहेब बाहेर येऊन म्हणाले, प्रश्न झाकल्यावर कसं कळणार? मी म्हटलं, साहेब, घरी जायच्या घाईत माणूस प्रश्न वाचतो कुठे, त्याचा हात थेट बटणावर जातो. मग मी शेजारी नवी चौकट लावली. प्रश्न झाकलेलाच. खाली तीन बटणं: सेव्ह करून बंद करा. सेव्ह न करता बंद करा. बंद करू नका. एकालाही विचारावं लागलं नाही.

साहेबांनी बटणांवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, इतकी लांब बटणं एका ओळीत बसणार नाहीत. मी म्हटलं, मग एकाखाली एक लावा. त्यांनी चौकट स्वतः मोजली आणि खालची जागा वाढवून दिली. आता रोज माझ्या टेबलाशी येऊन प्रोग्रॅममधली आणखी एखादी चौकट दाखवतात, म्हणतात, ही पण हो-नाहीवालीच निघाली बघा.

आवृत्ती पंधरवड्यात तुमच्याकडे येईल. ताई, मी माझं केलं. आता बगळे उडव. लोभाला सेव्ह करावं लागत नाही, तरी जपून ठेव.

तुझी
भिंगरी

---

दि. २६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नक्षी वेळेत झाली, मंजूर झाली, मागावर चढली. पडद्यावर ती पुरी झाली, त्या संध्याकाळी बंद करताना तुझी चौकट उगवली. बोट सवयीने ‘नाही’ शोधायला लागलं, आणि ‘नाही’ कुठे नव्हतंच. मग वाचावंच लागलं. ‘सेव्ह करून बंद करा’ दाबलं. सकाळी मालकीणबाई माझ्या आधी येऊन पडदा सुरू करून बसल्या होत्या. तळ्याकडे पाहून म्हणाल्या, गुंडाळ्यांना दुसरं कुणीतरी बघते. भिंगरी, मी तुझ्यावर फार खूश आहे, हे लिहून ठेवते, तोंडावर म्हणायची नाही.

घरी येताना डोक्यात तीच चौकट. म्हटलं, मीच बाबांना रोज हो-नाही विचारतेय की. दुसऱ्या दिवशी चहाला विचारलंच नाही. सांगितलं, बाबा, तीन बटणं आहेत. डोळा करून घ्या आणि माझे बगळे बघा. डोळा राहू द्या आणि मी सांगेन तसे ऐका. आज काहीच ठरवू नका. सुरुवातीला रोज तिसरंच दाबलं. मग एका सकाळी, मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, पहिलं.

पुढचं त्यांनाच लिहायचंय. लोभ तर आहेच, आता घरी येण्याचंही बघ.

तुझी
ताई

चि. भिंगरीस बाबांचे आशीर्वाद. पट्टी काल निघाली. ताईने हाताला धरून मागापाशी नेलं. बगळे पाहिले. एकाचा पाय आखूड आहे. ताई म्हणाली, दुरुस्त करू का? मी म्हटलं, असं नको विचारूस, काय होईल ते सांग. म्हणाली, केला तर विणलेलं उसवावं लागेल, नाही केला तर बगळा लंगडा राहील. मी लंगडा ठेवला. तू आलीस की तिघं नाटकगृहात जाऊ. मला तो लांबूनच ओळखायचा आहे.