मारुतीचा पेढा

शनिवार, दिवेलागण. मी सांगते, नातसून मंगल लिहून राहिली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन आज पुन्हा हुकलं. रक्तात साखर वाढली म्हणे. पणती रांगायला लागली, तरी तिचं तोंड मला धड दिसलं न्हाई. मारुतीनंच अडवलं असंल, म्हणलं.

मंगल म्हणाली, "आजी, ऑपरेशन नीट व्हावं म्हणून रोज मारुतीला पेढा ठेवता. मग तो परसाद खातं कोण?"

मीच खाते. परसादाला न्हाई कसं म्हणावं? पण पेढ्यानं साखर वाढते, हे मला काहून सुचलं न्हाई?

मारुतीवर भरोसा हायेच. मंगलच्या तोंडून त्यानंच दटावलं असंल. उद्यापासून त्याला नुसतं फूल. रुसला तर रुसू दे.

पणतीनं आत्ता माझं नाक बराबर धरलं. तिला तरी मी दिसून राहिले.